घसरत्या रुपयाचा नफा कोणाच्या घामाचा?

रुपयाची किंमत घसरली की युरोपात नोकरी करणाऱ्या आपल्या सुशिक्षित तरुणाच्या मुद्रेवर समाधान दिसू लागते. २०१४ सालच्या मध्यास एक डॉलर सुमारे ६० रुपयांस मिळत होता. २०२५ च्या डिसेंबरात त्याने ९० रुपयांची मर्यादा ओलांडली. २०१४ साली ८० रुपयांच्या आसपास असलेल्या युरोने २०२५ साली शंभरी पार केली. तरुणाचे काम एका तासाने वाढले नाही, पगार एका सेंटने वाढला नाही, आणि तरीही गावी जाणारी रक्कम फुगली. ही फुगलेली रक्कम आली कोठून, हा प्रश्न त्यास पडत नाही. तो पडावा म्हणून हा लेख. आणि तो यवतमाळ जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांना उद्देशून मुद्दाम लिहीत आहे. कारण या प्रश्नाचे उत्तर जर्मनीत वा इंग्लंडात सापडावयाचे नाही. ते वणी, राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा येथल्या कापसाच्या वावरात सापडेल.

प्रस्तुत लेखक याच जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त गेली काही वर्षे जर्मनीत राहत आहे. ज्या वर्गावर पुढे टीका करावयाची आहे त्याच वर्गाचा तो घटक आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

परदेशी राहणाऱ्याने देशाच्या राजकारणावर व अर्थकारणावर बोलू लागताच दोन बाजूंनी आक्षेप येतात. गावाकडचे पुढारी म्हणतात, "तुम्ही तेथे सुखात बसला आहात, येथल्या उन्हाचे चटके आम्ही सोसतो, तुम्हांस बोलण्याचा अधिकार काय?" दुसरा आक्षेप परदेशस्थ हिंदी लोकांच्या मंडळांतून येतो. तेथे सांगतात की, परक्यांच्या देशात आपल्या देशाची उणीदुणी काढू नयेत, त्याने देशाची मान खाली जाते. पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. दुसऱ्यात मुळीच नाही. परंतु दोहोंस उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट आठवली पाहिजे. आपल्या समाजाच्या मुक्तीचा बराच मोठा विचार युरोपात बसून झालेला आहे, आणि तो करणारे परमपूज्य बाबासाहेब होते.

१९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला निघाले. त्याच वर्षाच्या ३१ जानेवारीस 'मूकनायक' सुरू झाला होता. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज, एवढ्यावर ते गेले. म्हणजे त्यांचा पैसा रुपयांत होता आणि खर्च पौंडांत. आणि तो काळ कोणता? १९२० च्या फेब्रुवारीत चलनाचा विचार करणाऱ्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने रुपयाचा भाव दोन शिलिंग सोन्यात ठेवावा, अशी शिफारस केली. समितीतील एकच हिंदी सभासद, दादिबा दलाल, यांनी त्यास विरोध नोंदविला. सरकारने शिफारस उचलली आणि हा कृत्रिम भाव टिकविण्यासाठी काही महिन्यांत सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या लंडनवर विकल्या. भाव टिकला नाहीच. १९२१ साली रुपया एक शिलिंग तीन-चार पेन्सांच्या आसपास येऊन पडला. ज्या विद्यार्थ्याची पुंजी रुपयांत आहे त्याच्या दृष्टीने याचा अर्थ उघड होता: वर्षापूर्वी ज्या रुपयांत दोन दिवस भागत, त्यांत आता सव्वा-दीड दिवसही भागणे कठीण.

एखादा सामान्य विद्यार्थी यावर स्वतःच्या नशिबास बोल लावीत बसला असता. बाबासाहेबांनी प्रबंधाचा विषयच तो घेतला. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लंडन विद्यापीठास सादर केला. परीक्षकांनी तो फेरमांडणीसाठी परत केला. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, प्रबंध पुन्हा लिहून पाठविला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. त्याच वर्षी पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशकांनी तो ग्रंथरूपाने काढला. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही मोकळेपणे मांडले. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात ज्या चलनपद्धतीची स्तुती केली होती तीच या ग्रंथात खोडून काढली आहे. सरकारच्या मर्जीनुसार रुपये वाढविता येतील अशी पद्धती नको, चलन काढण्यास बांधीव मर्यादा हवी, असा बाबासाहेबांचा आग्रह होता.

याच सुमारास शेजारच्या जर्मनीत काय चालले होते तेही पाहावे. बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात १९२१ साली नाव नोंदविले होते. महायुद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे चार मार्क पडत. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. ज्यांची जमीन होती, कारखाने होते, ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते, ते तरले. किंबहुना गबर झाले. पगारदार, निवृत्त शिक्षक आणि मजूर देशोधडीस लागले. चलन घसरते तेव्हा सगळे सारखे बुडत नाहीत, हा धडा युरोपच्या भूमीवर असा उघडा पडलेला होता.

'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथातला जो मुद्दा आपल्या वाचकांनी पाठ करून ठेवावा तो हाच आहे. त्या काळी मुंबईचे गिरणीमालक, निर्यातदार आणि त्यांचे राजकीय पुरस्कर्ते म्हणत असत की, रुपया स्वस्त झाला म्हणजे देशाचा फायदा होतो, निर्यात वाढते, शेतकऱ्याच्या हाती अधिक रुपये पडतात. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? तो परदेशी माणसाच्या खिशातून येतो काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. चलन उतरले की देशातील वस्तूंचे भाव चढतात. परंतु मजुरी त्या वेगाने चढत नाही. मालकाच्या पदरात जे जादा पडते ते मजुराच्या पोटातून काढलेले असते. राष्ट्राचा लाभ म्हणून जो दाखविला जातो तो एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला लाभ असतो. शंभर वर्षे उलटली, तरी हा हिशेब कोणी खोटा ठरविल्याचे ऐकिवात नाही. तो विसरण्याची सोय मात्र पुष्कळांनी करून ठेविली आहे.

आता यवतमाळकडे वळू. १८७३ ते १८९३ या वीस वर्षांत चांदीचा भाव कोसळल्यामुळे रुपया सुमारे दोन शिलिंगांवरून सव्वा शिलिंगावर आला. तेव्हा आपला जिल्हा सरकारी दप्तरात वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले. वऱ्हाडच्या कापसाचा दर तेव्हा गावच्या पेठेत ठरत नसे, लिव्हरपूलच्या बाजारात ठरत असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडात पैशाचा पूर आला. युद्ध संपले आणि पूर ओसरला. सावकाराच्या चोपड्या मात्र भरलेल्याच राहिल्या. १९०३ साली यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. पुढे लोकांनी तिचे कौतुकाने 'शकुंतला' असे नाव ठेविले, तिच्यात लग्नाची वऱ्हाडे गेली, आजाऱ्यांस दवाखान्यात नेले; परंतु कंपनीने रूळ टाकले ते रुईच्या गाठींसाठी. तिचे वाफेचे इंजिन मँचेस्टरला १९२१ साली, म्हणजे बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयात रुपयाचा इतिहास चाळीत होते त्याच वर्षी, बनलेले होते आणि ते १९९४ पर्यंत धावत राहिले. आता ती गाडी बंद पडली आहे. यवतमाळचा माणूस युरोपकडे पाहू लागला तो शिष्यवृत्तीमुळे नव्हे. त्याच्या पोटापाण्याची दोरी दीडशे वर्षांपूर्वीच तिकडे बांधली गेली होती.

या सर्व व्यवहारात ज्यांच्या नावाचा सातबारा नव्हता त्यांचे काय झाले? निंदण, डवरण, वेचणी, जिनिंग-प्रेसिंगमधले ओझे, ही कामे कोणी केली? आपल्याच वाडवडिलांनी केली. कापूस महाग झाला त्या वर्षी जमीनदाराने माडी चढविली. सालदाराच्या सालात दोन पायल्या ज्वारी वाढली असेल तर ती त्याच्या नशिबाची थोरवी.

आजही चित्राची चौकट तीच आहे. रुपया घसरला तर कापूस उत्पादकाचे भले होईल, असे शहाणे लोक सांगतात. कारण बाहेरचा कापूस महाग पडेल. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने हिंदी मालावर ५० टक्के कर बसविला, कापडगिरण्या अडचणीत आल्या, आणि केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर उठविला. सवलत प्रथम सप्टेंबरअखेर होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. म्हणजे वऱ्हाडातील पहिली वेचणी घरात येते नेमके त्याच दिवसांत परदेशी कापसास दार उघडे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला होता. व्यापाऱ्याचा भाव त्याच्या खाली राहिला. सरकारी खरेदीस जावे तर 'कपास किसान' नावाच्या मोबाइलवरील यंत्रणेत नोंदणी हवी, आणि नोंदणीस जमिनीचा उतारा हवा. जो बटईने वावर करतो त्याच्याजवळ उतारा कोठून यावा? त्याने कापूस पिकविला, परंतु सरकारच्या दृष्टीने तो कापूस उत्पादकच नव्हे. तो खेडा-खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो आणि मिळेल तो भाव घेऊन परततो.

आणि ज्याच्याकडे बटईचेही वावर नाही तो? त्याच्या घरात घसरलेला रुपया वेगळ्या वाटेने शिरतो. देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते, कच्च्या खनिज तेलाचा पाचातील चारांहून मोठा वाटा बाहेरून येतो, पालाश खत जवळजवळ सगळे बाहेरून येते. रुपया उतरला की तेलाची पिशवी महाग होते, आर्णी-दिग्रसला जाणाऱ्या गाडीचे भाडे वाढते, शेतकऱ्याचे खत वाढते. आणि शेतकरी आपला वाढलेला खर्च कोठून काढतो? भाव त्याच्या हाती नाही, खत-औषधाची किंमत त्याच्या हाती नाही. हाती असते ती केवळ मजुरी. म्हणून तो वेचणीच्या दरात घासाघीस करतो. यात त्या शेतकऱ्याच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. पुष्कळदा तो स्वतःही कर्जात बुडालेला असतो. परंतु पायरीपायरीने खाली सरकत आलेला भार शेवटच्या पायरीवर येऊन थांबतो आणि त्या पायरीवर आपली बाई वेचणीचा ओटा बांधून उभी असते.

२०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. युरोच्या भावात ती तीन युरोंच्या आसपास भरते. त्याच वर्षी जर्मनीत कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होते. दोन देशांतील वस्तूंच्या किमतींचे मान वेगळे आहे, हे मान्य करूनही हे अंतर विचार करावयास लावते. जर्मनीतल्या मजुराला हे कोणी दान दिलेले नाही; त्याच्या संघटना आहेत, आणि त्याचे वेतन वेळोवेळी कायद्याने वाढविले जाते. आपल्या मजुराच्या हातात जे एक शस्त्र होते ते म्हणजे रोजगार हमी. महाराष्ट्राने ती १९७२ च्या दुष्काळात सुरू केली, देशाने २००५ साली तिचा कायदा केला. गावात मालकाने दर पाडला तर "मी सरकारी कामावर जातो" असे मजूर म्हणू शकत होता. काम मिळाले नाही तरी त्या शब्दास वजन होते.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने तो जुना कायदा बाजूस सारून नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० चे १२५ झाले, ही बातमी मोठ्या अक्षरांत आली. बारीक अक्षरांत जे आले ते असे: पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात वर्षातील ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवता येतील, शेतीस मजूर मिळावेत म्हणून, आणि खर्चाचा ४० टक्के भाग राज्याने उचलावा. ज्या दिवसांत मजुराच्या श्रमास मागणी असते, ज्या दिवसांत तो दोन पैसे अधिक मागू शकतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याची दुसरी वाट बंद करावयाची, यास कोणती हमी म्हणावे? १२५ दिवसांचे आश्वासन ऐकून टाळ्या पिटणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी कापूस वेचणीचे दिवस कोणते, हे आपल्या आईस विचारावे.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव साऱ्या जगात गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. १९८६ च्या मार्चमध्ये महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह आपला अंत करून घेतला. तेव्हापासून ही यादी थांबलेली नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. २००८ साली कर्जमाफी आली. कोणी उपकारांची मोजदाद करीत असेल तर त्याने एवढेच तपासावे की, या रकमांपैकी भूमिहीनाच्या घरात काय गेले. ज्याला बँकेने कर्जच दिले नाही त्याचे माफ काय करणार? आत्महत्याग्रस्त कुटुंबास राज्य सरकार एक लाख रुपये देते. त्यासाठी जमीन हवी, बँकेचे वा परवानाधारक सावकाराचे कर्ज हवे. मजुराने फास घेतला तर त्याची पत्नी 'अपात्र' ठरते. मरणातही पात्र-अपात्र! आणि ही काही किरकोळ संख्या नव्हे. केंद्र सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात शेतीक्षेत्रातील ११,२९० आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजुरांची संख्या अधिक असूनही वर्तमानपत्रांच्या मथळ्यात शब्द एकच असतो: शेतकरी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारोंनी तुरुंग पत्करला, तो याच अदृश्य माणसासाठी. आज आपल्या किती पक्षांच्या जाहीरनाम्यात तो शब्द शिल्लक आहे?

आता त्या दुसऱ्या आक्षेपाकडे येऊ. परक्यांपुढे देशाची उणीदुणी काढू नयेत, असे जे म्हणतात त्यांनी १९३० च्या २० नोव्हेंबरचा दिवस आठवावा. लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब उभे राहिले आणि इंग्रजांच्या राजधानीत, इंग्रज मंत्र्यांच्या समोर, त्यांनी विचारले की दीडशे वर्षांच्या तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती कोठे बदलली? नोकरशाहीचे राज्य जाऊन लोकांचे राज्य आले पाहिजे, हेही त्यांनी तेथेच सांगितले. त्याच श्वासात त्यांनी आपल्या देशातील सामाजिक अन्यायाचे वर्णन केले. त्यांस तेव्हाही देशद्रोही म्हणणारे निघाले. अन्याय सांगितल्याने देशाची मान खाली जात नसते. ज्यांना अन्याय सांगितला जाण्याची लाज वाटते, परंतु अन्याय होण्याची वाटत नाही, त्यांच्या देशाभिमानास काय म्हणावे? परदेशात दिवाळी-गणेशोत्सव थाटात करणाऱ्या याच मंडळींपैकी अनेकांनी ब्रिटनच्या समता कायद्यात 'जात' हा शब्द येऊ नये म्हणून खटपट केली. २०१३ साली ब्रिटिश संसदेने तो समाविष्ट करण्याचे बंधन सरकारवर घातले आणि २०१८ साली सरकारने माघार घेतली. देशाची उणीदुणी परक्यांपुढे काढू नयेत, हा उपदेश करणारे स्वतःच्या सोयीसाठी परक्यांच्या मंत्र्यांकडे बिनदिक्कत जातात.

युरोपात बोलण्याने काय होते, याचे उदाहरण यवतमाळचेच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही आठवड्यांत कपाशीवर औषध फवारताना जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले; शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. फवारणीचा पंप पाठीवर घेणारा पुष्कळदा रोजाने लावलेला मजूरच असतो. वापरात असलेल्या औषधांपैकी एकाचा, 'पोलो'चा, उत्पादक सिंजेंटा ही स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील कंपनी. त्यातील डायफेन्थियुरॉन हे द्रव्य स्वित्झर्लंडने स्वतःच्या देशात २००९ सालीच बाजारातून काढलेले होते. त्यांच्या पिकास जे नको ते आमच्या मजुराच्या फुप्फुसास चालेल, असा हा न्याय. कंपनीने आपली जबाबदारी नाकारली. परंतु स्वित्झर्लंडमधील नागरिकांच्या संस्थांनी हा प्रश्न उचलला, येथल्या बाधितांनी संघटना केली, २०२० साली ५१ जणांच्या वतीने स्विस सरकारच्या संबंधित कार्यालयात तक्रार गेली, आणि २०२१ साली मृतांच्या दोन कुटुंबांनी व एका बाधिताने बाझलच्या न्यायालयात दिवाणी दावा दाखल केला. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने पाच कीटकनाशके व तणनाशके बाहेर देशी पाठविण्यास मनाई केली. त्यांत हेही एक आहे. यवतमाळच्या वावरातली तक्रार राइन नदीच्या काठावर पोहोचली, ती कोणीतरी तेथल्या भाषेत, तेथल्या कायद्याच्या दारात उभे राहून सांगितली म्हणून. हे काम करणाऱ्यांत युरोपातील आपले सुशिक्षित बौद्ध किती होते, हे मी येथे लिहीत नाही. ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे असे वर म्हटले, ते यासाठी. परदेशी राहणारा जे बोलतो त्याची किंमत त्यास स्वतःस मोजावी लागत नाही. २०१० सालच्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकास मतदार होता येते; परंतु मत देण्यासाठी गावी हजर राहावे लागते, म्हणून बहुतेक देतच नाहीत. ज्याचे मत नाही, ज्याचे रेशन नाही, ज्याच्या मुलाची शाळा येथे नाही, त्याने केवळ दूरध्वनीवर राजकारण शिकवावे हे शोभत नाही. त्याला बोलण्याचा अधिकार मिळतो तो अभ्यासातून. बाबासाहेबांनी लंडनमध्ये भाषणे ठोकण्याआधी ग्रंथालये उपसली होती. आपला परदेशस्थ तरुण किंग हेन्री मार्गावरील त्यांच्या घरी जातो. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले, हे चांगले झाले. तो तेथे छायाचित्र काढतो, वंदन करतो. त्याच घरात राहून ज्या ग्रंथाचा अभ्यास झाला तो ग्रंथ त्याने उघडलेला नसतो. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, हे वाक्य मात्र प्रत्येक जयंतीस टाळ्या घेते. खरी हकिकत अशी की, १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, १९३४ साली बँकेचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक उघडली. त्यांनी सुचविलेली चलनाची बांधीव मर्यादा त्या व्यवस्थेत पूर्णपणे उतरली नाही. त्यांचे म्हणणे मान्य झाले असे समजून आपण निश्चिंत झालो, ही तर त्यांच्या विचाराची सर्वांत सोयीस्कर हत्या होय. महाराष्ट्र शासनाने हे अर्थशास्त्रीय ग्रंथ सहाव्या खंडात १९८९ सालीच छापून ठेविले आहेत.

तथागतांच्या कूटदंत सुत्तात एका राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे माजले असता पुरोहित राजास सांगतो की, दंड करून हे थांबणार नाही. जे शेती करतात त्यांना बी-बियाणे व वैरण द्या, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्या, जे सेवा करतात त्यांना वेतन द्या. येथे तिघांची नावे वेगवेगळी घेतली आहेत, हे लक्षात घ्यावे. शेतकऱ्यास दिले म्हणजे मजुरास आपोआप पोहोचले, असे त्या सुत्तात म्हटलेले नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी जो भेद ओळखता आला तो आमच्या नियोजनकारांस आजही ओळखता येऊ नये?

म्हणून जी मागणी करावयाची ती नेमकी असावी. मदतीच्या निकषांत भूमिहीन मजुराचे नाव घालावे. बटईदारास ग्रामसभेच्या दाखल्यावर कापूस विकता यावा. हंगामात काम बंद ठेवण्याचे कलम रद्द व्हावे. रोजगाराची मजुरी ग्रामीण मजुराच्या महागाईशी बांधावी. दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांस मिळणारी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती घेऊन जे जातील त्यांपैकी काहींनी तरी चलन, शेतीमाल व मजुरी हे विषय घ्यावेत. संगणकाची कामे करणारे पुष्कळ झाले.

राहता राहिला तो फुगलेल्या रकमेचा प्रश्न. २०२४-२५ साली परदेशस्थ हिंदी लोकांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर देशात पाठविले. त्यात आपल्या समाजाचा वाटा लहान असेल, पण आहे. २०१४ च्या भावाने हजार युरोचे सुमारे ८० हजार रुपये झाले असते, शंभराच्या भावाने एक लाख होतात. मधल्या २० हजारांपैकी बराच भाग महागाईने खाल्ला, असे कोणी म्हणेल आणि ते खरे आहे. परंतु ज्याला युरो मिळतच नाहीत त्याचे काय खाल्ले गेले, ते त्याने शेजारच्या घरात जाऊन पाहावे. माझी सूचना अशी आहे की, ज्या कुटुंबास परदेशातून पैसे येतात त्याने या फरकाचा एक भाग गावच्या विहारात मजुरांच्या निधीस द्यावा. हे दान समजू नये, परतफेड समजावी. यावर "आम्ही कष्टाने मिळविले, आम्ही का द्यावे?" असे विचारले जाईल. कष्टाचा पगार युरोत मिळाला तो तुमचाच आहे. वादाचा विषय आहे तो कष्टाविना वाढलेल्या रुपयांचा. हा वाद विहारातच व्हावा आणि आकड्यांवर व्हावा. त्यासाठी विहाराच्या फळ्यावर दर पंधरा दिवसांनी चार ओळी लिहाव्यात: युरोचा भाव, तुरीच्या डाळीचा भाव, गोड्या तेलाचा भाव आणि किलोमागे वेचणीचा दर. लिहिण्याचे काम आठवी-नववीच्या मुलीकडे द्यावे, आणि मागचे आकडे पुसू नयेत.